सामूहिक वनहक्काचा दावा: कागदपत्रांतल्या या चुका टाळा

जंगलावरचा हक्क खरा असूनही 'नमुना क' (सामूहिक वनसंपत्तीच्या हक्काचा अर्ज) मधला दावा ग्रामसभेनंतर तो तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडून परत येतो. तेव्हा फाईल उघडून बघा; दावा परतण्याचं कारण बहुतेकदा तिथंच सापडतं.

सर्वांत जास्त घात होतो तो एकाच पुराव्यावर विसंबल्याने. 2006च्या वनहक्क कायद्याखालच्या नियम 13 नुसार एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणून एक कागदी, एक जमिनीवरचा आणि एक तोंडी असे किमान तीन जोडा. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक (गावाचे जंगल वापरण्याचे हक्क लिहिलेली जुनी महसुली नोंद) हा भक्कम कागद. अभिलेख कक्षात टोलवाटोलवी झाली तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका; 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाहीतर अपील. जमिनीवर देवस्थान, मसणवट, जुनी बोडी (लहान तळं), गुरांची वाट हे सगळं पुराव्यात मोजलं जातं.

ज्येष्ठांचा जबाब 'आम्ही पूर्वापार जंगल वापरतो' एवढ्यावर संपवू नका. कोणत्या टेकडीवरून मोहफुलं, कोणत्या नाल्यापर्यंत बांबू, कोणत्या महिन्यात, हे त्यांच्याच बोलीतल्या नावांनी लिहा आणि शेजारी वनविभागाचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर) टाका. हा क्रमांक नसला की नकाशा आणि जबाब एकमेकांना ओळखत नाहीत.

जीपीएसची चूक साधी, पण महागात पडते. 20.30 अंश म्हणजे 20 अंश 30 मिनिटं नव्हे. दोन्हींत सुमारे 22 किलोमीटरचा फरक पडतो! सगळ्या फोनमध्ये दशांश अंश हीच पद्धत ठेवा. दाट झाडीत थांबून अचूकता 5 मीटरच्या आत आल्यावरच नोंद करा, आणि हद्दीच्या प्रत्येक वळणावर बिंदू घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की त्यातली जागा-वेळेची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाईल फोनमध्ये राहू द्या.

स्थळपाहणीची सूचना वन आणि महसूल दोन्ही विभागांना लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी निरोपाला अर्थ नाही. 2012च्या सुधारित नियमांनुसार, आपण पाहणीला नव्हतो म्हणून विभागाने नंतर हरकत घेतली तर ग्रामसभा दावा फेरपाहणीसाठी गावाच्या वनहक्क समितीकडे पाठवते. तेव्हाही विभागाचा प्रतिनिधी आला नाही तर स्थळपाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पोच नसेल तर ही तरतूद वापरायची कशी?

ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश महिला. सह्यांच्या प्रत्येक पानावर तारीख आणि ठराव क्रमांक लिहा. कोऱ्या कागदावर आधी सह्या घेण्याची सवय तर मोडूनच टाका.

दावा फेटाळला तर लेखी कारणं मागा, अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे. जुन्या दंडपावत्या किंवा अतिक्रमणाच्या यादीत नाव नसणं, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. उपग्रह चित्रंही इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. अपिलात या तरतुदी नावानिशी मांडा.