डिमरवर एलईडी बल्ब लावताय? आधी हे बघा

आमच्या हॉलमध्ये डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण आहे, जुनं, गोल फिरवायचं. पिवळा बल्ब गेला म्हणून साधा ९ वॅटचा एलईडी लावला तर तो लुकलुकायला लागला आणि वर बारीक गुणगुण, मला वाटलं बल्बच खराब, बदलून आणला, दुसराही तसाच. घोळ बल्बचा नव्हताच. जुने डिमर विजेची लाट मधेच कापून उजेड कमी करतात आणि साध्या एलईडीच्या आतल्या ड्रायव्हरला, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, ते झेपत नाही.

तर पहिलं काम, खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलंय का बघा. नसेल तर तो बल्ब डिमरवर लावूच नका. डिमेबल असूनही लुकलुकला तर डिमर तपासा, कारण त्याला कमीत कमी अमुक वॅट लोड लागतो आणि एकटा एलईडी तेवढा भरत नाही. मग इलेक्ट्रिशियनला सांगून एलईडीवर चालणारा डिमर बसवायचा. (पंख्याचा रेग्युलेटर जोडून बघणारेही भेटलेत मला, कृपया नको.) एवढा खर्च नको असेल तर बटण बंद-चालू केलं की उजेड कमी-जास्त होणारे बल्ब मिळतात, ते साध्या बटणावर चालतात, डिमर मात्र काढून टाकायचा.

आता बाकीच्या घराचं. दुकानात जायच्या आधी होल्डर बघून घ्या, आपल्याकडे बहुतेक पिनचा म्हणजे बी२२, झुंबरात आणि टेबल लॅम्पमध्ये आट्यांचा, मोठा ई२७ किंवा बारका ई१४. मी एकदा अंदाजाने आणले आणि परत चक्कर पडली.

वॅट बघून उजेड ठरवू नका, लुमेन म्हणजे उजेडाचं माप बघा. जुन्या ६० वॅटच्या जागी साधारण ८०० लुमेन पुरतात. रोज ५ तास धरले तर ६० वॅटचा बल्ब महिन्याला ९ युनिट खातो, ९ वॅटचा १.३५. बीईईचे (ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचे) स्टार जास्त असलेला घ्या, तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो.

रंग आपापल्या आवडीचा, पण बेडरूमला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बरा, ६५०० चा पांढराफटक रात्री डोळ्यात घुसतो. स्वयंपाकघरात ४००० छान.

आणि पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी कोंडला की तापून लवकर जातो. तिथे कमी वॅटचा लावा, नाहीतर बंद फिटिंगला चालतो असं खोक्यावर लिहिलेला शोधा. बदलताना मेन स्विच बंद करा, आणि बिल जपून ठेवा, वॉरंटीला तेच मागतात.