रानात वाढलेल्या चिनी चहाची दबलेली चव
चीनच्या फूच्येन प्रांतातील वुयी डोंगररांगेत, सोडून दिलेल्या जुन्या मळ्यांतली चहाची झुडपे छाटणी आणि खताविना रानासारखी वाढतात, आणि त्यांच्या पानांच्या काळ्या चहाला, पाने धुरावर न वाळवताही, मधाचा गोडवा व फुलांचा मंद गंध असतो. माझ्या कपात मात्र तो सपाट आणि गढूळ उतरत होता. जरा निवला की वर तपकिरी, चकचकीत तवंग धरे आणि कप हलवताच त्याला भेगा पडत. पाने उत्तम होती, म्हणून मी पाण्याकडे वळलो. आमच्याकडे बोअरचे पाणी येते, आणि अशा जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेटमुळे चहातील पॉलिफेनॉलचा, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकांचा, असाच तवंग तयार होतो. कमी क्षारांचे पाणी घेताच तो नाहीसा झाला आणि रंग स्वच्छ तांबूस आला.

आता मी झाकणाच्या छोट्या चिनी वाटीत 100 मिलिलिटर पाण्याला 5 ग्रॅम पाने घेतो, पाणी 90 ते 95 अंश सेल्सिअसवर ठेवतो आणि पहिला चहा दहाएक सेकंदांतच गाळतो. माझ्या मते गोडवा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सर्वांत खुलतो. यात दूध घालणे हा पानांवर अन्यायच आहे. दर वेळी थोडा वेळ वाढवत गेल्यास तीच पाने पाच-सहा वेळा चव देतात.