ग्राफिक कार्ड टाकायच्या आधी एसएमपीएस बघा

नवीन ग्राफिक कार्ड घेताय ना, मग आधी कॅबिनेटचं साइड पॅनल उघडून एसएमपीएसवरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं (पॉवर सप्लाय) लेबल नीट वाचा, वर मोठ्या अक्षरात किती वॉट छापलंय ते सोडा, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा, खरी ताकद तीच, स्वस्तातल्या सप्लायमध्ये ती बऱ्याचदा खूपच कमी निघते. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक कार्ड एकटंच १७० वॉट खातं, कंपनी त्याला ५५० वॉटचा सप्लाय सांगते, तेवढा घ्याच. सप्लायवरचं ८० प्लस हे रेटिंग म्हणजे वीज किती कमी वाया जाते एवढंच, बाकी क्वालिटीची गॅरंटी नाही. आणि प्लीज, मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा सप्लाय घेतलात तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावू नका, कनेक्टर बसतो पण आतल्या पिना वेगळ्या असू शकतात, हार्डडिस्क जळते राव!