जुना रिमोट: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

जुन्या व्हीसीआरचा किंवा सीडी प्लेअरचा रिमोट चालेनासा झाला की घरात कुणीतरी म्हणतंच, "गेला तो, टाक आता." टाकू नका. त्या काळच्या यंत्रांच्या तोंडावर बटणं मोजकीच असतात. घड्याळ लावणं, ट्रॅकिंग जुळवणं (म्हणजे टेपचं थरथरणारं चित्र स्थिर करणं), गाण्यांचा क्रम ठरवणं ही कामं कित्येक यंत्रांत फक्त रिमोटवरूनच होतात. रिमोट गेला की यंत्र नुसतं चालू-बंद होतं. शिवाय नवा आणायचा कुठून? व्हीएचएस कॅसेटचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ च्या जुलैत ते बनवणं बंद केलं.

मी रत्नागिरीत, कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. घरी सोनीचा व्हीएचएस व्हीसीआर आणि फिलिप्सचा सीडी प्लेअर अजून रोजच्या वापरात आहेत. त्यांच्या जोडीला वाड्यातले, नात्यातले रिमोटही माझ्याकडे येऊन पडतात. खाली लिहिलंय ते सगळं या टेबलावरचं आहे.

पहिलं काम म्हणजे दोष रिमोटचा की यंत्राचा हे ठरवायचं, आणि तेही स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता. नवे सेल घाला, मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. कॅमेऱ्याला मात्र तो फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा हा प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून पुढचा घ्यायचा. आधी घरातला एखादा चालणारा रिमोट दाखवून बघा, म्हणजे तुमच्या फोनला दिसतं की नाही तेही कळेल.

लुकलुकतंय आणि यंत्र ऐकत नाही? मग घरातले दिवे बंद करून, पडदा ओढून बघा. जुने सीएफएल आणि काही इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब रिमोटच्या कंप्रतेच्या आसपासच धडधडतात आणि यंत्राचा डोळा त्या गोंगाटात बहिरा होतो. थेट ऊन पडत असेल तरी तेच. सोनीच्या व्हीसीआरवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. अनेक रिमोटवर व्हीटीआर १, २, ३ अशी सरकती खिट्टी असते. १ बीटामॅक्स कॅसेटला, २ आठ मिलिमीटरच्या टेपला, ३ व्हीएचएसला. पुसताना ती खिट्टी सरकते आणि रिमोट उत्तम असूनही व्हीसीआर ढिम्म हलत नाही. "बिघडलाय" म्हणून माझ्याकडे आलेला एक रिमोट मी नखाने खिट्टी सरकवून परत दिला. मालकाला पैसे विचारायची लाज वाटली, चहा घेतला.

कॅमेऱ्यात काहीच दिसलं नाही तर पुढची परीक्षा रेडिओची. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ घ्या, स्टेशन नसेल तिथे काटा ठेवा, रिमोट अगदी चिकटवून बटण दाबा. टर्र-टर्र असा आवाज आला तर आतली चिप जिवंत आहे. आत रिझोनेटर नावाचा दोन-तीन पायांचा छोटा, बहुधा निळा किंवा पिवळा तुकडा असतो, त्यावर पुष्कळदा ४५५ लिहिलेलं असतं. म्हणजे ४५५ किलोहर्ट्झ. त्याला १२ ने भागलं की जवळपास ३८ येतात आणि पुष्कळ रिमोटचा प्रकाश या ३८ किलोहर्ट्झनेच लुकलुकतो. फिलिप्सच्या आरसी-५ या संदेश पाठवण्याच्या पद्धतीत ३६, सोनीत ४०. मजा म्हणजे मीडियम वेव्हच्या रेडिओच्या पोटातही हेच ४५५ काम करत असतात. तर, रेडिओ टर्रटर्रला पण कॅमेरा आंधळा, म्हणजे पुढचा एलईडी किंवा त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर गेला. दोन्ही गप्प, म्हणजे सेलच्या पट्ट्या, रिझोनेटर नाहीतर चिप. आणि बटण न दाबताच कॅमेऱ्यात लुकलुक दिसत असेल तर एखादं बटण आत दबून बसलंय. सेल आठवड्यात संपण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

आता सेल, कारण निम्म्याहून जास्त दुखणी तिथलीच. सेल फुटून पांढरा किंवा हिरवट थर धरला असेल तर आधी सेलवरचं वाचा. 'अल्कलाइन' लिहिलं असेल तर गळालेला पदार्थ क्षारधर्मी, त्याला आम्ल लागतं: इअरबडच्या टोकाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. थर फसफसला की समजा औषध बरोबर लागलं. साधे, स्वस्तातले झिंक-कार्बनचे सेल गळले तर तो पदार्थ आम्लधर्मी, तिथे लिंबू लावून काही साधत नाही. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पुसा. दोन्हीकडे नंतर ओल्या बडने पुसून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून कोरडं करायचं. कोकणातल्या मंडळींना एक सांगणं: लिंबू नाही म्हणून कोकमाचं आगळ लावू नका. त्यात मीठ असतं आणि मिठाने स्प्रिंग पुन्हा गंजते. सॅनिटायझरही नको, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं.

स्प्रिंग नुसती काळवंडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून चकचकीत करावी. खाल्ली गेली असेल तर एखाद्या मेलेल्या रिमोटची काढून बसवावी. मेलेले रिमोट फेकायचे नाहीत ते यासाठी. सेल कुठले घालावेत? मी कमी गळणारे, चार्ज होणारे निकेलचे घालते. १.२ व्होल्टचे असले तरी बहुतेक रिमोटना पुरतात. एक जुना आणि एक नवा सेल अशी जोडी मात्र कधीच नको. जुना सेल पार रिकामा होऊनही नव्याच्या जोरावर ओढला जातो आणि गळतो.

सेल गळायची कटकटच नसलेला रिमोटही एकेकाळी होता. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा, १९५६ चा 'स्पेस कमांड'. रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या बसवल्या होत्या. बटण दाबलं की हातोडी कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनेल बदलायचं म्हणे.

आता उघडणं. ठरावीक बटणंच चालत नसतील, किंवा जोरात दाबल्यावर चालत असतील, तरच उघडायचा. सगळी चालत असतील तर स्वच्छतेच्या हौशीपायी उघडू नका. प्लॅस्टिकच्या खाचा जुन्या होऊन ठिसूळ झालेल्या असतात आणि दर उघडण्याला एखादी मोडते. स्क्रू बहुतेक सेलच्या कप्प्यात असतो, कधी मागच्या स्टिकरखाली. स्टिकरवर बोट फिरवलं की खड्डा लागतो. स्क्रू काढल्यावर फटीत जुनं एटीएम कार्ड घालून, सेलच्या बाजूने सुरुवात करून हळूहळू कडेने सरकत जा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलंत तर कडेला कायमचा दात पडेल. उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढा. सुटी बटणं असतील तर ती उलटी पडून विखुरतात आणि कुठलं कुठे होतं ते कुणालाच आठवत नाही.

आत हिरवी किंवा तपकिरी सर्किटची पट्टी आणि तिच्यावर रबराची चादर दिसेल. चादरीच्या मागे प्रत्येक बटणाला काळी कार्बनची टिकली असते. बटण दाबलं की ती टिकली पट्टीवरच्या दोन रेघा जोडते. या टिकलीवर आणि रेघांवर तेलकट ओशट थर येतो. लोकांना वाटतं हाताचा मळ, पण त्यातलं पुष्कळसं तेल रबरातूनच झिरपलेलं असतं. रबराची चादर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून, मऊ टूथब्रशने अलगद धुवा. रात्रभर सावलीत सुकू द्या. कोकणातल्या जुलैत रात्र पुरत नाही, फ्रीजच्या मागच्या कोमट जागेत ठेवावी. पट्टी मात्र पाण्याखाली नको. तिला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला बड, आणि तोही दाब न देता. रेघा काळ्या असतील तर त्या कार्बनचा रंग लावून काढलेल्या असतात, पॉलिश पेपर लावलात तर मळाबरोबर रेघही निघून येईल.

बाहेरच्या खोळीला, बटणांवरच्या छापील अक्षरांना आणि पुढच्या लालसर-काळ्या खिडकीला अल्कोहोल लावायचं नाही. अक्षरं पुसली जातात आणि अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला बारीक तडे जातात. तिथे ओलसर फडकं आणि साबण पुरतो. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांची नावंच काढू नका. याला एकच अपवाद, तो म्हणजे मखमली हात लागावा म्हणून काही रिमोटना दिलेला रबरासारखा थर. दमट हवेत तो काही वर्षांत वितळल्यासारखा चिकट होतो. पावडर लावून तो सुधारत नाही. अल्कोहोलच्या फडक्याने तो पूर्ण काढून टाकायचा, खालचं साधं प्लॅस्टिक जास्त टिकाऊ असतं. काढताना छापील अक्षरं त्या थरावरच आहेत का, ते कोपऱ्यात तपासून घ्या.

धुऊनही बटण चालत नसेल तर टिकली झिजलीय. मल्टिमीटर असेल तर त्याची दोन्ही टोकं टिकलीवर ठेवून बघा. काहीशे ओहम असेल तर ठीक, कित्येक हजारांवर गेलं तर बदला. सहा बीची पेन्सिल घासण्याचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. चालतो, पण थोडे दिवसच. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची टिकली डकवण्याचा उपाय मला अजिबात पटत नाही. तो कागद पट्टीवरच्या कार्बनला ओरखडतो आणि काही महिन्यांत स्वतःही काळवंडतो. माझी पद्धत वेगळी आहे. टीव्हीच्या जुन्या रिमोटवर टेलिटेक्स्टची, म्हणजे पडद्यावर मजकुराची पानं दाखवायची, बटणं असतात, ती आमच्या घरात कधी कुणी दाबली नाहीत. त्यांच्या कोऱ्या टिकल्या ब्लेडने कापून घ्यायच्या आणि प्लेच्या बटणामागे सिलिकॉनच्या पातळ थेंबाने बसवायच्या. सिलिकॉन व्हिनेगरच्या वासाचं नको, त्याने तांबं खराब होतं.

पडलेल्या रिमोटचं दुखणं वेगळं. रिझोनेटर आत तडकतो किंवा एलईडीच्या पायाचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटतो. भिंग घेऊन डागाभोवती बारीक गोल चीर दिसते का बघा, दिसली तर नवा डाग द्या. रिझोनेटर बदलताना त्यावर लिहिलेला आकडा जुळलाच पाहिजे. ४३२ च्या जागी ४५५ बसवलात तर रिमोट लुकलुकेल, यंत्राला मात्र कळणार नाही. हे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. माझा भाचा ग्रँट रोडला उतरतो तेव्हा चिठ्ठी देते. अंतर कमी झालं असेल, म्हणजे यंत्राजवळ गेल्यावरच चालत असेल, तर सेलच्या जवळचा छोटा कपॅसिटर बदला. एलईडीला लुकलुकताना क्षणभर जो जास्तीचा करंट लागतो, तो पुरवायचं काम त्याचं. बसवताना उणेची पट्टी उणेकडेच.

प्लॅस्टिकचं कव्हर आणि रबरबँड याबद्दल घरोघरी माझे वाद होतात. लोकल गाडीत आणि बाजारात मिळणाऱ्या त्या पिशव्यांत ओल कोंडते. पिशवी पीव्हीसीची असेल तर तिच्यातलं मऊ करणारं रसायन हळूहळू रिमोटच्या खोळीत उतरतं, मग पिशवी सोलून काढावी लागते. उघडा ठेवा, वापरा, आठवड्याला कोरडं फडकं फिरवा.

आणि खरंच वापरा. सीडीच्या रिमोटवरून गाण्यांचे आकडे टाकून आपला क्रम लावण्यात जो निवांतपणा आहे तो फोनवर येत नाही, कारण इथे दुसरं काही दाबण्यासारखं नसतंच. अंधारात बोटाला प्ले आणि स्टॉप ओळखू येतात. पुष्कळ रिमोटवर पाचच्या आकड्यावर किंवा प्लेवर उंचवटा असतो, तो चाचपून बघा. आरसी-५ वाल्यांना आणखी एक गंमत सांगते. बटण दाबून धरलंय की सोडून पुन्हा दाबलंय, हे ओळखायला त्या संदेशात एक वेगळी खूण असते, प्रत्येक नव्या दाबण्याला ती पालटते. म्हणून २२ नंबरचं गाणं लावताना २ चं बटण दाबून धरू नका, सोडून दोनदा दाबा.

रिमोट धडधाकट आहे तोवरच त्याची नक्कल करून ठेवा. शिकणारा रिमोट स्वस्तात मिळतो. दोघांची तोंडं समोरासमोर ठेवून एकेक बटण शिकवायचं, ट्रॅकिंग आणि घड्याळाची बटणं आधी. भाच्याने माझ्या सीडी प्लेअरचे संदेश टीएसओपी १७३६ (रिमोटचा प्रकाश पकडणारा सुटा डोळा) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) यांच्यावर वाचून दिले, ते मी वहीत उतरवलेत: सीडीचा पत्ता (संदेश कुठल्या यंत्रासाठी आहे तो आकडा) २०, प्ले ५३, स्टॉप ५४, पॉज ४८. फिलिप्सशिवाय मारांट्झ, आर्कॅम, केंब्रिज ऑडिओ यांनीही आरसी-५ वापरली, त्यामुळे भंगारात यांपैकी कुणाचा सीडीचा रिमोट दिसला तर उचलावा, निदान प्ले-स्टॉप तरी बहुधा चालतात. भंगारवाल्याकडे जाताना मोबाइल आणि दोन सेल बरोबर न्या, कॅमेऱ्याची परीक्षा तिथेच घ्या, कप्प्याचं झाकण आहे का बघा. झाकण नसलेला रिमोट मी फक्त सुट्या भागांसाठी घेते.