मेंढरांची कातरणी: वेळ, अवजारं आणि हात

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. वर्षाच्या दोन कातरण्या मिळून एका मेंढीमागे अर्धा ते पाऊण किलो निघते. म्हसवडसारख्या घोंगड्यांच्या गावांत सणगरांचे माग कमी होत गेले तशी तिची मागणीही उतरली. आज बऱ्याच वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांवर, लोकरीच्या पैशातून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. तरी कातरणी चुकवून चालत नाही. वाढलेल्या लोकरीखाली गोचीड आणि उवा दडून बसतात, औषध कातडीपर्यंत पोचत नाही. शेपटीखालची लोकर मूत-लेंडीनं लडबडली की माशी तिथं अंडी घालते आणि अळ्या पडतात. म्हणजे आता कातरणी करायची ती कातडीसाठी, लोकर हा वरचा जोड. हे एकदा मनात धरलं की कातरायला कधी बसायचं, हत्यार कुठलं घ्यायचं आणि घाई कुठं करायची नाही, ते आपोआप ठरत जातं.

जत भागातल्या माडग्याळ मेंढीच्या अंगावर लोकर नावालाच असते, बहुतेक केसच. तिथं पाठीवर आणि बरगड्यांवर गुठळ्या झाल्या असतील तेवढ्याच काढायच्या. पुढचं सगळं दख्खनीबद्दल आहे.

वेळ

माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथला पाऊस बहुतेक भाद्रपद-आश्विनात पडतो. त्यामुळे पहिली कातरणी पावसाची उघडीप बघून, वाडा बाहेर पडायच्या आधी, आणि दुसरी माघ-फाल्गुनात, थंडी ओसरल्यावर.

आश्विनातल्या कातरणीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कुसळी गवत. पावसाळा सरला की माळावरची कुसळं पिकतात आणि लोकरीत शिरून पीळ घेत घेत कातडीपर्यंत जातात. कुसळं पिकायच्या आत लोकर उतरली तर मेंढरांचा त्रास बराच वाचतो. कुसळं भरल्यावर कातरायला बसलात तर कातरीची धार लवकर जाते, कातडीला गाठी आलेल्या असतात आणि ती लोकर कोणी पिंजायलाही घेत नाही.

पौषात कातरू नये. माणदेशात रात्रीचा गारठा चांगलाच असतो, उघडं मेंढरू थंडी काढण्यात अंग झिजवतं. वैशाखातही नको. लोकर ऊन आत येऊ देत नाही, ती भर उन्हाळ्यात काढली तर पांढऱ्या मेंढराची पाठ भाजते. गाभण मेंढी शेवटच्या सहा आठवड्यांत असेल तर तिला सोडा, व्याल्यानंतर कातरा. फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेल्या सुवर्णा जातीत जुळी-तिळी असतात. तिथं पोट आधीच दाबलेलं असतं, तेव्हा गाभण राहिल्याच्या तारखा लिहून ठेवलेल्या बऱ्या.

आदले दोन-तीन दिवस

मेंढरं धुवायची असतील तर कातरणीच्या दोन-तीन दिवस आधी. माणगंगेला किंवा येरळेला पाणी असेल तर ठीक, नाहीतर टाकीवर निदान पाठ आणि मागचा भाग धुवा. त्यानंतर मेंढरं शेतमातीत न बसवता गवताळ किंवा खडकाळ जागी बसवा. धुतलेल्या मेंढरातली माती गेलेली असते, त्यामुळे धार जास्त टिकते.

लोकर मात्र पूर्ण वाळलेली हवी. बोटं मुळापर्यंत घालून बघा, वरवर हात फिरवू नका. ओली लोकर पोत्यात तापते, पिवळी पडते, बुरशी धरते. मशीनमध्ये तर ती कंगव्यातच गच्च बसते. सकाळी दव असेल तर ऊन चढेपर्यंत थांबा.

आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवा. भरल्या पोटाचं मेंढरू ढुंगणावर बसवलं की कोठा छातीवर दाबतो, दम लागतो आणि ते पाय झाडतं. बहुतेक जखमा अशा झाडण्यातूनच होतात. गाभण आणि दुभत्या मेंढ्यांना एवढा उपास नको, त्या पहिल्या कातरून मोकळ्या करा.

कळपाचा क्रम असा ठेवा: आधी कोकरं, मग तरण्या मेंढ्या, मग जुन्या, आणि गळ्याला-खांद्याला गाठी असलेली किंवा खरूज झालेली सगळ्यांच्या शेवटी. गाठीतला पू कातरीवरून पुढच्या मेंढराच्या जखमेत जातो आणि रोग कळपभर फिरतो. गाठ कापली गेलीच तर काम थांबवा, पू कापडात घेऊन पुरा, हत्यार जंतुनाशकात बुडवा, जागा बदला. लोकर विकायची असेल तर याच क्रमात रंगही सांभाळा: आधी पांढरी, मग करडी, मग काळी.

हातकातर

एका माणसामागे दोन कातरी लागतात: एक हातात, एक धार लावलेली तयार. त्यासोबत दुतोंडी दगड, शिवणयंत्राचं तेल, ताडपत्री, हातभर लांब सुती दोऱ्या, जंतुनाशकाची बादली आणि टिंक्चर आयोडीन.

धार लावताना फक्त बाहेरचा उतार घासायचा. आतला, एकमेकांवर घसरणारा भाग सपाटच राहिला पाहिजे. तो घासला की दोन पात्यांत फट पडते आणि लोकर कापली न जाता मधे दुमडते. खिळा सैल झाला तरी हेच होतं, म्हणून धार बघण्याआधी खिळा बघा. पारख सोपी आहे: चिमूटभर लोकर पात्यांच्या टोकाशी धरून कापा. टोकाशी स्वच्छ कापली तर कातर चांगली. मधे कापते आणि टोकाशी चावते, तर ती लोहाराकडे जाऊ द्या.

मेंढरू कुशीवर पाडून दोन पुढचे आणि एक मागचा पाय सुती दोरीनं बांधतात. नायलॉनची दोरी रुतते, ती नको. खालचं पातं कातडीला टेकवून सपाट ठेवायचं आणि कातर पूर्ण मिटायच्या आधी पुढं सरकवायची. प्रत्येक वेळी पूर्ण मिटवली तर टोक कातडी पकडतं. कूस बदलताना गाभण मेंढी पाठीवरून उलथी करू नका. पाय सोडा, उभी करा, मग दुसऱ्या कुशीवर घ्या. आणि बांधलेलं मेंढरू तसंच टाकून चहाला जाऊ नका, आडवं पडून ते फुगतं.

मशीन

शंभराच्या वर मेंढरं असतील तरच मशीनचा विचार करावा, किंवा चार-पाच वाड्यांनी मिळून घ्यावं. सरावलेल्या हाताला दख्खनी मेंढरामागे चार-पाच मिनिटं लागतात, शिकाऊ माणसाला दहा-बारा. हातकातरीनं याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो.

विकत घेताना पहिली फसगत पात्यांत होते. गाईम्हशी आणि घोड्यांचे केस कापायच्या मशीनचे दात बारीक आणि जवळजवळ असतात. मेंढीची तेलकट, मातीनं भरलेली लोकर त्यात शिरतच नाही. मेंढीच्या मशीनला खाली रुंद दातांचा कंगवा असतो, साधारण तेरा दातांचा, आणि त्यावर डावीउजवीकडे फिरणारा चार टोकांचा कटर. कंगवा लोकर उभी धरतो, कापतो तो कटर. जाड दातांचा कंगवा घेतला तर अंगावर थोडी जास्त लोकर राहते, आणि आपल्याकडे उन्हासाठी आणि गारठ्यासाठी तेच बरं. कातडीलगत गुळगुळीत करण्यात काही मिळकत नाही.

जोडणीत तीन गोष्टी बघा.

कटरची टोकं कंगव्याच्या उताराच्या वरच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर मागे राहिली पाहिजेत. पुढं आली तर कातडी फाडतात, फार मागे गेली तर दातांच्या बेचक्यात लोकर न कापता साठते. कंगवा स्क्रूनं घट्ट करण्याआधी सरळ बसलाय का ते पाहा, कटर दोन्ही बाजूंना सारखा गेला पाहिजे.

ताणाची चाकी हातानं फिरवत जा. अडली की अर्धा फेरा आणखी द्या, बस्स. मशीन कापेना झालं की नवखा माणूस चाकी आवळतो. आवळल्यावर दोन मेंढरं निघतात, मग पाती तापतात आणि धार साफ जाते. एकदा थोडा ताण वाढवून कापत नसेल तर कटर बदला.

तेल दर दोन मेंढरांमागे, कंगवा आणि कटर यांच्यामधे आणि वरच्या छिद्रात. पातळ मशीन तेलच घाला. गोडं तेल घातलं तर ते चिकटतं आणि माती धरून ठेवतं. मधून मधून कंगवा स्वतःच्या मनगटाला लावून बघा. तुम्हाला चटका बसला तर मेंढीलाही बसतोय. तापलेल्या पात्यावर पाणी ओतू नका, जोडी बदला आणि ती थंड होऊ द्या.

माणदेशातल्या मातीत एक कटर पाच-सात मेंढरं काढतो, धुतलेली असतील तर जास्त. एका कंगव्याबरोबर तीन-चार कटर झिजतात. शंभर मेंढरांच्या दिवसाला चार-पाच कंगवे आणि सोळा-वीस कटर धार लावून जवळ हवेत. ही धार बाजारातल्या गोल दगडावर लावून घेऊ नका. कंगवा आणि कटर यांचा सगळा जोर एकमेकांवर सपाट बसण्यात असतो. त्याला एमरी लावलेली फिरती तबकडीच लागते, आणि ती दोन-चार गावांत मिळून एखाद्याकडे असते. गोल दगडावर गेलेली जोडी बहुतेक भंगारातच जाते.

मोटार हातातच असलेलं मशीन साधारण तीनशे ते पाचशे वॅटचं असतं. वाडा रानात असला तर एक केव्हीएचा जनरेटर पुरतो. विहिरीच्या पेटीतून वायर ओढणार असाल तर दीड चौरस मिलिमीटरची घ्या. बारीक, लांब वायरीवर दाब उतरतो, मशीन मंदावतं आणि लोकर कापायच्या ऐवजी ओढतं. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) मधे असू द्या, पायाखाली ओली जमीन आणि मूत असतंच. मोटारीची हवेची जाळी दर तासाला ब्रशनं झटका.

कातरायचा क्रम

मेंढरू ढुंगणावर बसवून त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवा. चारही पाय जमिनीपासून सुटले की ते निमूट बसतं. एक पाय टेकला की उठायला बघतं. दख्खनीच्या पोटावर आणि पायांवर लोकर जवळजवळ नसते, त्यामुळे तिथं एक-दोन फेऱ्यांत भागतं. मात्र मेंढीची सडं आणि नराचं लिंग डाव्या हाताच्या तळव्याखाली झाकूनच तिथं मशीन न्यायचं. त्यानंतर मांड्यांची आतली बाजू आणि शेपटीखालचा लडबडलेला भाग. मग डावी मागची मांडी, तिथून गळ्याखालून मानेवर, डावा खांदा. मेंढरू उजव्या कुशीवर कलतं करून शेपटीपासून मानेपर्यंत पाठीवर लांब फेऱ्या घ्या. शेवटी डोकं आपल्या पायांत घेऊन उजवा खांदा आणि उजवी कूस.

मोकळ्या हातानं कातडी ताणायची, लोकर ओढायची नाही. लोकर ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि पात्यात सापडते. काखेत, जांघेत आणि म्हाताऱ्या मेंढीच्या मानेच्या वळ्यांत हे हमखास होतं. तिथं फेरा छोटा घ्या आणि वेग उतरवा. एखादी फेरी वर राहिली तर पुन्हा त्याच जागी फिरवू नका. त्यातून निघणारे अर्ध्या इंचाचे तुकडे सूत कातताना गळतात आणि चांगली लोकरही बिघडवतात.

जखमा

खरचटलं तर टिंक्चर आयोडीन पुरतं. वाड्यावर हळद लावतात, त्याला हरकत नाही, पण ती स्वच्छ डब्यातली असावी. देवाचा भंडारा चिमटीनं लावायचा रिवाज असेल तर आधी औषध, मग भंडारा. कातडी उघडी पडली असेल तर डॉक्टरांकडून टाके घ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आश्विनात माशी जास्त असते, तेव्हा माशी बसू न देणारा फवारा मारा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती जागा पुन्हा उघडून बघा. सड कापलं गेलं तर ती मेंढी त्या बाजूनं कायमची आटू शकते, म्हणून तिच्यावर खूण करून ठेवा.

लोकर आणि त्यानंतर

शेपटीखालची, लेंडीची आणि कुसळाची लोकर वेगळ्या ढिगात टाका. कोकरांची पहिली लोकर सगळ्यात मऊ असते, तीही वेगळी ठेवा. खताच्या प्लॅस्टिक पोत्यात लोकर भरू नका, त्याचे धागे सुटून लोकरीत मिसळतात, निवडता येत नाहीत आणि रंगही घेत नाहीत. जुनं लुगडं किंवा सुती चादर घेऊन सुती दोरीनं बांधा, ओल लागू न देता फळीवर ठेवा. घाणेरडी लोकर फेकू नका. तिच्यात नत्र असतं, डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या आळ्यात मातीखाली पुरली तर सावकाश कुजते आणि ओलही धरते.

कातरलेलं मेंढरू दोन आठवडे तरी पावसात आणि भर दुपारच्या उन्हात उघडं पडू देऊ नका. अवकाळीचा अंदाज असेल तर कातरणी पुढं ढकललेली बरी, एका गार पावसात कातरलेली कोकरं जातात. गोचिडासाठी औषधाची आंघोळ लगेच घालू नका, ताज्या जखमांतून औषध अंगात शिरतं. दोन-तीन आठवड्यांनी, जखमा भरल्यावर आणि लोकर थोडी वर आल्यावर घाला, म्हणजे औषध अंगावर टिकतं. आंत्रविषार किंवा पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) यांची लस त्याच दिवशी टोचू नका, आठवड्याचं अंतर ठेवा.

दिवस संपला की कंगवा-कटर खोलून रॉकेलमध्ये ब्रशनं धुवा, पुसून तेलाचा हात देऊन सुक्या कापडात जोडीजोडीनं गुंडाळा. जोड्या मिसळू नका, एकत्र झिजलेली पातीच एकमेकांवर नीट बसतात. ताणाची चाकी सैल करून ठेवा.