पोर्शेच्या रेडिएटरमधला पाचोळा: काढायचा कसा आणि जाळी लावायची कशी

पोर्शेची बॉक्स्टर, केमन किंवा ९९६ (म्हणजे साधारण १९९८ च्या मॉडेलपासून) पुढची कुठलीही ९११ असेल तर टॉर्च घेऊन गाडीसमोर उकिडवे बसा आणि बंपरला डावी-उजवीकडे जी तोंडं आहेत त्यात उजेड मारा. या गाड्यांचं इंजिन मागे नाहीतर मधे, पण रेडिएटर मात्र पुढे, चाकांच्या पुढ्यात, एक डावीकडे एक उजवीकडे, काही जास्त पॉवरच्या मॉडेलना मधोमध तिसराही असतो. तोंडाला ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यातून आख्खं पिंपळाचं पान आरामात आत जातं आणि एकदा गेलं की बाहेर यायला वाटच नाही.

आता मेन मुद्दा. टॉर्चमधे जे दिसतं तो रेडिएटर नाहीच, तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी. रेडिएटर त्याच्या मागे असतो आणि दोघांच्या मधे एक छोटी फट असते, सगळी घाण तिथे जाऊन बसते. त्यामुळे समोरून चकाचक दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका प्लीज. ती फट उघडली की काय निघतं ते एकदा बघाच, खाली दाबून बसलेला काळा ओला थर, त्यात शिरीषाची बारीक पानं, किड्यांचे पंख, सिगारेटची थोटकं, पार्किंगच्या पावतीचा लगदा, आणि तो थर खरवडला की खालच्या कोपऱ्यात अल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत झालेलं, बोट लावलं तर फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या) गळून हातात येतात. पाचोळा ओल धरून ठेवतो, त्यात मुंबई-कोकणची खारी हवा (आणि परदेशात असाल तर थंडीत रस्त्यावर टाकतात ते मीठ), मग गंज लागणारच. बऱ्याचदा आधी कंडेन्सर लीक होतो, म्हणजे एसी गार करेनासा झाला की नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी पुढे बघायला सांगा.

साफसफाई दोन लेव्हलची. वरवरची कोणीही घरी करू शकतं, दुकानात मिळतो तो ओला-सुका व्हॅक्युम क्लीनर घ्या, त्याला लांब चपटं तोंड लावा आणि बंपरमधून पानं ओढून काढा, जोडीला लांब दांड्याचा मऊ ब्रश, फिन्सच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा घासला की त्या वाकल्याच. हे पानगळ संपली की एप्रिल-मेमधे एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा करा. पावसाच्या आधीची जास्त महत्त्वाची, कारण पहिल्या पावसात आतल्या सुक्या पाचोळ्याचा चिखल होतो.

खरी सफाई बंपर काढूनच होते. ऐकायला भयंकर वाटतं पण दोघं असाल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. स्क्रू साधारण तीन ठिकाणी असतात, वर बॉनेटच्या कडेला, बाजूला चाकाच्या कमानीत आणि खाली, मॉडेलप्रमाणे थोडं बदलतं म्हणून तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ आधी बघून ठेवा. फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लावा नाहीतर रंग जाईल, आणि बंपर एकदम ओढू नका, मागे साइड लाइट आणि सेन्सरच्या वायरी आहेत. मग कंडेन्सरचे स्क्रू काढून तो पुढे जरासा झुकवायचा, हात आत जाईल इतकाच. एसीचे पाइप अजिबात सोडायचे नाहीत, आत गॅस प्रेशरमधे असतो, आणि पाइप वाकेल इतका जोरही लावायचा नाही.

मोठा कचरा हाताने काढा, उरलेला व्हॅक्युमने, मग साध्या होजने हलकं पाणी, जमलं तर मागून पुढे. प्रेशर वॉशर नको म्हणजे नकोच, त्या फिन्स कागदासारख्या पातळ असतात. चाकं साफ करायचं ॲसिडवालं केमिकलही नको, कार शाम्पू पुरतो. सगळं उघडलंय तर बाकीचंही बघून घ्या, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या जॉइंटला वाळलेल्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) खरपुडा आहे का (असेल तर तिथे झिरपतंय), रेडिएटरच्या भोवतीचा फोम फाटलाय का, कारण फाटला की हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निघून जाते.

यानंतर जाळी. आधी जाळी आणि मग कधीतरी सफाई असं केलंत तर घाण आतच कोंडली जाईल. रेडीमेड जाळ्या मिळतात, झुनस्पोर्ट कंपनीच्या स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच जण लावतात, पण महाग वाटत असतील तर हार्डवेअरच्या दुकानातली पावडर कोटिंग केलेली जाळीही चालते. भोकं साधारण करंगळीच्या नखाएवढी ठेवा. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावली तर हवा अडते आणि उन्हाळ्यात घाटात गाडी गरम व्हायला लागते. बंपरच्या आतून काळ्या झिप टायने बांधा, ड्रिल मारू नका, आणि कंडेन्सरपासून दोन-तीन बोटं तरी लांब ठेवा, कारण एक्सप्रेसवेवर डंपरमधली खडी उडून लागली की जाळी आत दबते. शिवाय स्टील अल्युमिनियमला टेकून राहिलं आणि ओल मिळाली की तिथेच गंज धरतो. जाळीतून धूळ आणि बारीक पानं जाणारच, सफाई सुटत नाही, फक्त बरीच कमी करावी लागते.

कूलंटचं थोडक्यात. गाडी पूर्ण गार असतानाच लेव्हल बघा, गरम असताना झाकण उघडलंत तर भाजाल. बोअरचं किंवा नळाचं पाणी टाकू नका, क्षार बसतात, कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. पूर्ण कूलंट बदलायचं असेल तर ज्याच्याकडे व्हॅक्युमने भरायचं मशीन आहे अशाच गॅरेजला द्या, पाइप मागून पुढपर्यंत लांबच लांब असल्याने हवा अडकते. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, ते गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

बंपर परत लावायच्या आधी गाडी चालू करून एसी लावा आणि रेडिएटरचे दोन्ही बाजूचे फॅन हळू स्पीडला फिरतायत का बघा. जुन्या गाड्यांमधे स्लो स्पीडचा रेझिस्टर (करंट कमी करून फॅन हळू फिरवणारा पार्ट) जातो, मग फॅन फक्त फुल स्पीडला लागतो, तोही इंजिन चांगलं तापल्यावर, हायवेला काही जाणवत नाही पण सिग्नलच्या ट्रॅफिकमधे टेंपरेचरचा काटा चढत जातो. रेझिस्टर तिथेच फॅनजवळ असतो, बंपर काढलेलाच आहे तर त्याच दिवशी बदलून टाका.