जुनी नाणी, फसवे मेल आणि आपला पत्ता

जळगाव-धुळ्याकडचे नाणी जमवणारे आता अदलाबदल ऑनलाइन ग्रुपवरही करतात. तिथे मेलचा पत्ता उघडा टाकला की "तुमचं दोन रुपयांचं नाणं लाखाला घेतो, आधी जीएसटी भरा" असे मेल सुरू होतात. खरं गिऱ्हाईक विकणाऱ्याकडूनच पैसे मागत नाही. मेलवर रिझर्व्ह बँकेचा शिक्का दिसला तरी भुलू नका: जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही, कमिशनही घेत नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर सांगा.

छंदासाठी मेलचा वेगळा पत्ता काढा. बँकेला दिलेला तिथे वापरूच नका. जीमेलमध्ये 'अ‍ॅट'च्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि एखादा इंग्रजी शब्द जोडता येतो. मेल तुमच्याच खात्यात येतो आणि पत्ता कोणत्या ग्रुपमधून फुटला ते कळतं. चोर तो शब्द काढूनही टाकू शकतो, त्यामुळे वेगळ्या पत्त्याची गरज उरतेच. अनेकांना यादी पाठवताना सगळे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता वाचा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.